सोमवारची हजेरी

चिमणीनं काचेच्या खिडकीवर मूठ आपटली, तशी विमा कचेरीतली सगळी डोकी वर झाली.

"नामंजूर म्हणजे काय हो? सहा महिने रोज गेलेय मी कामाला! रोज!"

सातवा महिना चाललेला, पण पोट सोडलं तर अंगावर मूठभर मांस नाही. म्हणून तर तिला सगळे चिमणी म्हणायचे.

खिडकीमागचा कारकून कंटाळून म्हणाला, "बाळंतपणाचा भत्ता हवा तर सहा महिन्यांत निदान सत्तर दिवसांची वर्गणी मालकानं भरलेली लागते. तुमची पंचवीस दिवसांचीसुद्धा नाही. गेल्याच आठवड्यात तुमच्या लाँड्रीतल्या एकीचा भत्ता चुटकीसरशी मंजूर झाला. तिची हजेरी चोख होती."

"मग माझी काय उंदरांनी खाल्ली?" चिमणीचा आवाज फाटला. "डॉक्टर म्हणतात, आजपासून पडून राहा. पहिलं पोर त्या सोड्याच्या वाफेतच गेलं माझं. भत्ता नाही मिळाला तर परत तिथंच उभी राहू का?"

मागच्या टेबलावर तपासनीस बाई बसल्या होत्या. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "कुठली लाँड्री?"

चिमणीनं सांगितलं, आणि बाईंच्या कानशिलावरची शीर उडाली. तीच लाँड्री, तोच शेठ! पोट दिसायला लागलं त्या दिवशी शेठनं त्यांच्या ताईला हाकलून दिलं होतं. ताई पुढं आजारात गेली, शेठ मात्र दरवर्षी लठ्ठ होत गेला. बाई इतकी वर्षं या एका तक्रारीची वाट बघत होत्या.

"तू घरी जाऊन पड," त्या म्हणाल्या. "नाही, थांब. उद्या एक दिवस माझ्याबरोबर तिथं चल. मग खुशाल पड."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दोघी लाँड्रीत शिरल्या. दवाखान्याच्या चादरी उकळत होत्या आणि सोड्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. दाराशी अंगठा लावायचं यंत्र होतं. त्यावर जाड निळी पिशवी करकचून बांधलेली, अंगठ्यापुरतं तेवढं भोक.

"वाफेनं बिघडतं हो," शेजारी उभी असलेली बाई हसून म्हणाली. पाळीची मुकादम, सगळ्यांची मावशी. यंत्राची किल्ली तिच्याच कमरेला. हातात कोरडं फडकं घेऊन ती एकेकीची बोटं पुसून देत होती. "ये गं चिमणे. या दिवसांत कशाला ओढत आणलं हिला? माझ्या लेकीचंही हेच चाललंय, तिला मी पलंगावरून पाय खाली टाकू देत नाही. आण, हात पुसते. डावा लाव, डावा."

चिमणीनं डावा अंगठा लावला. यंत्र 'टुंग' करून वाजलं.

"डावा का?" बाईंनी विचारलं.

चिमणीनं दोन्ही हात पुढं केले. अंगठे गुळगुळीत, एकही रेघ दिसेना. "सोडा खातो सगळं. सुट्टीच्या दिवशी जरा भरून येतात, मग परत तेच. आधी उजवा लावून बघायचा. टुंग झालं नाही तर डावा. डाव्याचा ठसा मावशींनीच घेतला मागाहून, नाहीतर माझा दिवसच बुडत होता. मन मोठं त्यांचं. दुसरी असती तर माझं तोंड पाहिलं नसतं."

"का बरं?"

पण तेवढ्यात शेठ आला आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

शेठनं बाईंना ओळखलं नाही. बाईंना त्याचाही राग आला.

"ही सहा महिने रोज कामावर होती?" त्यांनी विचारलं.

"असेल की. मी गठ्ठ्यावर पगार देतो. धुतलेले गठ्ठे मोजायचे, पैसे द्यायचे."

"आणि वर्गणी?"

"ती यंत्राच्या हजेरीवर. यंत्र म्हणेल तेवढे दिवस."

"म्हणजे हिला पगार पूर्ण आणि वर्गणी अर्धवट. पोटुशी बाई गळ्यात पडायला नको म्हणून हजेरी कुणी खाल्ली, शेठ?"

शेठ लालबुंद झाला. "अहो, मला त्यात काय मिळणार? रोज आत चाळीस बायका असतात, यंत्र रोज चाळीसच दाखवतं, मी चाळिसांचीच वर्गणी भरतो! एक डोकं कमी भरलं असेल तर दाखवा, हजामत करून घेतो!"

बाईंनी हजेरी मागून घेतली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. शेठच असू दे, त्या मनात घोकत होत्या. त्याच्या हातात बेड्या पडलेल्या मला बघू दे.

पण हजेरी भलतंच बोलत होती. चिमणी हजर होती ती फक्त सोमवारी. मंगळवार ते शनिवार गैरहजर, सोमवारी पुन्हा हजर. महिनोन् महिने हेच. वर्गणी चोरणारा माणूस सोमवार कशाला सोडेल? आणि चिमणी गैरहजर असताना चाळिसावं डोकं कुणाचं?

त्यांनी कचेरीत फोन लावला. "गेल्या आठवड्यात या लाँड्रीतल्या जिचा भत्ता मंजूर झाला, तिचं नाव काय?"

कारकुनानं नाव सांगितलं. बाईंनी आत येऊन चिमणीला एकटीला गाठलं आणि मघाचा अर्धा राहिलेला प्रश्न पुरा केला. उत्तर ऐकून त्या भिंतीला टेकल्या. खरं सांगायचं तर त्यांना रडूच आलं, कारण शेठ हातातून निसटला होता.

पाळी सुटताना त्यांनी सगळ्यांना यंत्रापाशी थांबवलं.

"शेठ, ही पिशवी काढा."

"वाफ जाईल आत!" मावशी पुढं धावली.

"जाऊ दे. काढा."

पिशवी निघाली. खाली छोटा पडदा होता, हिरवा उजेड असलेला.

"चिमणे, उजवा लाव."

यंत्र घरघरलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

"आता डावा."

टुंग! पडद्यावर नाव आलं. शेठनं डोळे बारीक करून वाचलं आणि त्याची मान हळूहळू मावशीकडे वळली. "अगं, ही तर तुझी लेक! ती तर लग्न झाल्यापासून इकडं फिरकलेली नाही."

"नाव मात्र तुमच्या पटावर राहिलं," बाई म्हणाल्या. "ते काढायचं काम मावशीचं होतं. चिमणीचा उजवा अंगठा झिजला, तेव्हा मावशीनं मायेनं डाव्याचा ठसा घेतला. पण तो नोंदवला लेकीच्या नावावर. त्या दिवसापासून चिमणी गठ्ठे धुवायची आणि हजेरी लेकीची लागायची. आत बायका चाळीस, यंत्रात चाळीस. शेठ, तुम्ही खरं बोललात, माझं नशीब. नाव कुणी वाचू नये म्हणून ही पिशवी."

"आणि सोमवार?" शेठनं विचारलं.

"रविवारी सोड्याला हात लागत नाही. कातडी जरा भरते, सोमवारी उजवा अंगठा चालतो. तेवढा एकच दिवस चिमणीचा तिच्या नावावर पडायचा. मावशीला तो अडवता येत नव्हता. हातच धरला असता तर संशय आला असता."

मावशीच्या हातातलं फडकं गळून पडलं. आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"होय, केलं! हिचा नवरा आधी माझ्या लेकीचा होणार होता. साखरपुडा झाला होता. चार माणसांत त्यानं तो मोडला आणि या पाप्याच्या पितरावर भाळला! लेक माझी वर्षभर उंबऱ्याबाहेर पडली नाही. हिनं माझ्या लेकीचं घर घेतलं, मी हिचे दिवस घेतले. फिट्टंफाट!"

चिमणी पोटावर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे मी सुटलो?" शेठनं कपाळ पुसत विचारलं.

"या वेळेस," बाई म्हणाल्या. मग त्या चिमणीकडे वळल्या. "तुझे सगळे दिवस आजच तुझ्या नावावर येतील, भत्ता मिळेल, तू घरी जाऊन पड. लेकीचा भत्ता रद्द होईल. एवढं माझ्या हातात. पोलिसांत जायचं की नाही ते तू ठरव. तक्रार दिलीस तर मावशीही आत जाईल आणि खोट्या कागदावर सही केली म्हणून लेकही."

तशी मावशीचा सगळा ताठा उतरला. तिनं मटकन खाली बसून चिमणीचे पाय धरले. "मला काय करायचं ते कर गं. पण लेकीनं मी सांगितलं तिथं सही केली फक्त. सातवा महिना आहे तिला. चौकीत कुठं बसवतील तिला या अवस्थेत? तूही आई होणार आहेस."

बाईंना वाटलं, आता ही विरघळणार. बायका विरघळतात. ताईसुद्धा शेठला कधी उलट बोलली नव्हती.

चिमणीनं पाय सोडवून घेतले.

"माझाही सातवाच आहे, मावशी. रोज माझी बोटं पुसून देत होता तुम्ही. पोट दिसत नव्हतं?"

मग ती तपासनीस बाईंकडे वळली.

"लिहा, बाई. दोघींचीही नावं लिहा."

बाईंनी भराभर तक्रार लिहिली. इतक्या वर्षांत त्यांचं अक्षर एवढं सुरेख कधी आलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद पुढं केला आणि सवयीनं आपल्या पिशवीतून शाईचा पॅडही काढला.

चिमणीनं पॅड बाजूला सारला.

"लेखणी द्या. सही करते," ती म्हणाली. "अंगठ्यावर आता भरवसा नाही माझा."