हुंग्याची साक्ष

दसरा होऊन गेला, झेंडू सुकून तपकिरी झाला, तरी यंत्राच्या गळ्यातला हार कोणी काढला नव्हता. पूर्वी खंडेनवमीला गुन्हे शाखेत बंदुका आणि बेड्या मांडून पूजा होई. यंदा बंदुका कपाटातच राहिल्या आणि टेबलावर एकटा वायुसाक्षी विराजमान झाला. निरीक्षक धनराज इंगवले यांनी स्वतःच्या हाताने त्याला हळदकुंकू वाहिले. ते सगळे त्याच्या हवा ओढायच्या जाळीत गेले आणि कंपनीच्या माणसाला येऊन जाळी बदलावी लागली. त्यालाही प्रसाद मिळाला.

उपनिरीक्षक ईश्वरी डोईफोडे गुन्हे शाखेत रुजू झाली, तेव्हा तिला सर्वांत आधी दिसला तो हा हार. शाळेत असल्यापासून तिला गुन्ह्याचा तपास करायचा होता. परीक्षा दिली, प्रशिक्षण झाले, आणि आता ती एका देवघरात येऊन पोचली होती.

"डोईफोडे, डोकं चालवायची सवय असेल तर मोडा," इंगवले म्हणाले. "इथं बटण दाबायचं असतं."

वायुसाक्षीला हवालदार मंडळी हुंग्या म्हणत. माणूस बसल्या जागी झडत असतो. त्याच्या कातडीचा बारीक कोंडा हवेत तरंगतो, पडद्यावर बसतो, फटीत साचतो, आणि त्या त्वचाधुळीच्या प्रत्येक कणात तो कोणाचा याची जनुकीय खूण असते. हुंग्या खोलीतली हवा ओढी, धूळ गाळी आणि सरकारी त्वचानोंदणीशी ताडून नावे सांगे. घरचे, नोकरचाकर आणि तपासाला आलेले पोलीस यांची नावे आधी वगळायची. मग जो उरेल तो चोर. हे इतके सोपे होते की इंगवल्यांनाही जमत असे. त्यातून हवेची साक्ष ग्राह्य धरण्याचा कायदा झाला होता, त्यामुळे कोर्टही फार वेळ घेत नसे.

ईश्वरीला पहिलेच प्रकरण मिळाले ते मेघश्याम वेर्णेकर या सराफाच्या फ्लॅटचे. बेडरूममधल्या कपाटातून बायकोच्या पाटल्या आणि गोठ गेले होते. हुंग्याने हवा ओढली आणि एकच परके नाव सांगितले, हणमंत तारळेकर. हा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. मुलांना शाळेच्या फाटकाशी उतरवून तो गाडी वळवत होता, तिथेच त्याला उचलले. मुले वर्गांच्या खिडक्यांतून बघत होती.

"मॅडम, त्या बिल्डिंगची पायरीसुदीक चढलो न्हाई मी," तो कोठडीतून म्हणाला.

"पायरी चढला नाही म्हणे. मग उडत गेला असेल," इंगवले म्हणाले आणि स्वतःच हसले. सोमवारी हणमंतला कोर्टात उभे करायचे होते. हुंग्याने नाव घेतलेला एकही आरोपी तिथून आजवर सुटला नव्हता. मग हणमंतचे लायसन्स जाणार, नोकरी जाणार आणि तो काही वर्षे आत जाणार.

सोने सापडते का हे बघायला ईश्वरी हवालदार लेंगरे यांना घेऊन हणमंतच्या घरी गेली. दोन खोल्यांत सोने सोडाच, सोन्याचा मुलामाही नव्हता. स्वयंपाकघरातली सगळी भांडी पोचे आलेली होती, फक्त एक मोठे पातेले आरशासारखे लखलखत होते.

लेंगऱ्यांना चेव आला. "हा बघा चोरीचा पैसा!"

"चोरीचा? बोहारणीकडनं घेतलंय ते," हणमंतची बायको मालन उसळून म्हणाली. "ह्यांचे जुने शर्ट दिले, वर माझी एक साडी दिली. तरी बया आणखी एक शर्ट मागत हुती."

"कुठले शर्ट?" ईश्वरीने विचारले.

"बसवरचे, खाकी. शाळेनं औंदा नवे दिले न्हवं का."

"धुऊन दिले होते?"

"धुतल्याबिगर बोहारीण हात तरी लावती व्हय? पण कॉलरीचा मळ कुठं निघतोय, मॅडम. घासून घासून माझी बोटं गेली."

ईश्वरी पातेले हातात घेऊन उभीच राहिली. दिवाळीच्या तोंडावर घरोघरी जुने कपडे बाहेर पडत होते, बोहारणीकडून जुन्या बाजारात जात होते आणि तिथून कोणाच्या तरी अंगावर चढत होते. कॉलरीत आणि शिवणीत घट्ट बसलेला पहिल्या मालकाचा कोंडा नव्या मालकाबरोबर गावभर झडत होता. लहानपणापासून तिच्या आईने हेच केले होते. हुंग्या बनवणाऱ्या विद्वानांच्या घरी बहुधा बोहारीण येत नसावी.

तिने हे इंगवल्यांना सांगितले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"चोर पकडायला पाठवलं, तर भांडी बघून आलात. डोईफोडे, यंत्र खोटं बोलत नाही."

"ते खरंच बोलतं, साहेब. फक्त शर्टाबद्दल बोलतं."

"पुरे झालं," इंगवले म्हणाले.

अशा माणसाला समजावण्यात अर्थ नव्हता. ईश्वरीला त्यांची चीड आली, आणि त्यांच्या हाताखाली आयुष्य काढायचे या विचाराने स्वतःचीही आली. ती तडक पोलीस वसाहतीमागच्या नाक्यावर गेली. तिथे बोहारणी गठ्ठे सोडून बसल्या होत्या. थोडे उकरल्यावर एक चॉकलेटी सफारी हाती लागला. हा सफारी गुन्हे शाखेत कोणीही ओळखला असता, कारण तो घालून इंगवल्यांनी हुंग्याच्या उद्घाटनाची फीत कापली होती आणि तो फोटो त्यांच्याच खुर्चीमागे टांगला होता. इंगवलेबाईंनी त्याच्या बदल्यात झाकणाचा डबा घेतला होता. ईश्वरीने घासाघीस न करता सफारी विकत घेतला.

मग तिने फेरतपासणी मागितली. वेर्णेकरांच्या घरी चहा आणि चिवडा उत्तम असल्यामुळे इंगवल्यांनी ती लगेच मंजूर केली. ते नेहमीप्रमाणे दिवाणखान्यात बसले. बेडरूममध्ये त्यांनी आजवर पाऊल टाकले नव्हते, त्यामुळे वगळायच्या यादीत त्यांचे नावही नव्हते. आत लेंगऱ्यांनी वर्दीवर तो ढगळ सफारी चढवला आणि हात झाडत येरझाऱ्या घातल्या.

"मॅडम, माझी पेन्शन जवळ आलीय," ते पुटपुटले.

"म्हणून तर तुम्हाला वगळलंय. चला आणखी थोडं."

सफारी पिशवीत गेला, हुंग्या सुरू झाला. थोड्या वेळाने त्याचा गोड बाईचा आवाज दिवाणखान्यापर्यंत गेला. "परकी उपस्थिती आढळली. हणमंत तारळेकर. धनराज विठोबा इंगवले."

चिवड्याचा घास इंगवल्यांच्या तोंडातच राहिला. सराफ त्यांच्याकडे बघत होता. सराफाची बायको सराफाकडे बघत होती.

"साहेब, तुम्ही आमच्या बेडरूममध्ये कधी गेला होतात?" वेर्णेकरांनी विचारले.

"बिघाड आहे! यंत्रात बिघाड आहे!"

"यंत्र खोटं बोलत नाही, साहेब," ईश्वरी म्हणाली, आणि पिशवीतून सफारी काढून त्यांच्यासमोर धरला.

मग ती खाली गेली. फाटकाशी बसणारा वॉचमन तिला येता जाता सलाम ठोकत असे. यंत्राने त्याला पहिल्याच दिवशी नोकरचाकरांत धरून वगळले होते, आणि त्यामुळे माणसांनीही त्याच्याकडे बघायचे सोडले होते. ईश्वरीने बघितले. त्याच्या खाकी शर्टाच्या खिशावर उसवलेल्या टाक्यांची भोके होती, आणि त्या भोकांतून हणमंतच्या शाळेचे नाव अजून वाचता येत होते. पंपाच्या खोलीत, मोटारीमागे सोने सापडले.

हणमंत सुटला. त्याची माफी कोणी मागितली नाही. "यंत्र बरोबरच होतं, शर्ट तुझाच होता ना?" असे म्हणून इंगवल्यांनी त्याला वाटेला लावले. शाळेने त्याला बदली ड्रायव्हर म्हणून परत घेतले. काही पालक मात्र आता मुलांना स्वतः सोडू लागले. तो शर्ट आणि ते सोने मुद्देमालाच्या खोलीत गेले. सोने पेटीत ठेवले आणि शर्ट खुंटीला टांगला.

"साहेब, हुंग्याच्या एकट्या साक्षीवर जे आधीच तुरुंगात गेलेत, त्यांचं काय?" ईश्वरीने विचारले.

"जुनी मढी उकरायची नसतात," इंगवले म्हणाले.

पण वरिष्ठांना या प्रकरणाची दखल घ्यावीच लागली. एका अधिकाऱ्याचे नाव यंत्राने भरल्या घरात घ्यावे, ही काय साधी गोष्ट? लगेच आदेश निघाला. यापुढे पोलीस दलातल्या प्रत्येकाचे नाव हुंग्यातून कायमचे वगळण्यात येत आहे. आदेशात ईश्वरीचेही नाव होते. लेंगऱ्यांनी तिला पेढा दिला.

वसुबारसेला वेर्णेकर कोर्टाचा हुकूम घेऊन सोने न्यायला आले. पेटी उघडली तर गोठ होते, पाटली मात्र एकच. पोलिसांच्या कुलपातून सोने गेले होते. इंगवले जराही डगमगले नाहीत. त्यांनी हार सरळ करून हुंग्याला मुद्देमालाच्या खोलीत आणवले आणि बटण दाबले. हुंग्याने हवा ओढली. खोलीत रोज येणारेजाणारे सगळे पोलीस आणि आधीपासून कोठडीत असलेला वॉचमन त्याने आज्ञाधारकपणे वगळले.

"परकी उपस्थिती आढळली," गोड आवाज म्हणाला. "हणमंत तारळेकर."

ईश्वरीने खुंटीकडे पाहिले. खाकी शर्ट पंख्याच्या वाऱ्याने हलत होता.

"साहेब, त्याचा शर्ट इथंच टांगलाय."

"शर्टाला हात असतात का, डोईफोडे? नाव आलंय. सवय लागली असेल त्याला. लेंगरे, गाडी काढा. बस सुटायच्या आत उचला."

लेंगऱ्यांनी गाडीची चावी घेतली, पण पाय उचलला नाही. शाळेची मुले आत्ता बसमध्ये चढत असतील, आणि पुन्हा खिडक्यांतून बघतील, एवढेच ईश्वरीच्या मनात आले. ती दारात जाऊन उभी राहिली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात टेकून तिने वाट अडवली. वेर्णेकर सोडले तर आत सगळे वगळलेले लोक उभे होते, आणि त्यांच्यात तीही एक होती. तिची नोकरी अजून महिन्याचीही झाली नव्हती आणि ती आज संपली तरी तिला चालणार होते.

"गाडी नंतर काढा," ती म्हणाली. "आधी मला सांगा, या खोलीची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

वेर्णेकर एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले.  कोणाच्या तरी खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि लगेच कोणीतरी तो मुठीत दाबून धरला.

आता तरी कोणी बघणार होते का?