सेंट लावून आत येऊ नये

"थांबा! एक पाऊलही पुढे टाकू नका!"

एसीवाला लॅबच्या दारातच खिळला. समोर निळी टोपी, निळा मास्क आणि मधे दोन भलतेच रागावलेले डोळे.

"हवा तपासायला तुम्हीच बोलावलंत ना, मॅडम?"

"तपासायला बोलावलं, बिघडवायला नाही! सेंटची अख्खी बाटली ओतून आलात? आत भ्रूण वाढतात, त्यांना असले वास सोसत नाहीत. घरी जा, आंघोळ करा, मग या."

"मला बघून पळणारे पाहिलेत... पण नुसत्या वासावर हाकलणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

मास्कच्या आड तिला हसू फुटलं. त्याला दिसलं नाही, तेच बरं झालं.

खरं तर ते हसण्याचे दिवस नव्हते. टेस्ट ट्यूब बेबीच्या या केंद्रात बीज आणि शुक्राणूंची गाठ घालून द्यायचं काम तिचं. पण तीन महिने झाले, भ्रूण तिसऱ्या दिवसापर्यंत झकास वाढायचे आणि मग रुसून बसायचे. बाईचं वय, बीजाची प्रत, शुक्राणूंची तब्येत – ही कारणं असतातच, आणि ती काही तिच्या हातातली नव्हती. पण तरुण, धडधाकट जोडप्यांच्याही पदरी निराशा येऊ लागली, तेव्हा बोट लॅबकडेच वळलं. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर लॅब बंद." आणि सोमवारी एका शिक्षिकेची बीजं काढायची होती. वय एकोणचाळीस, शेवटचा प्रयत्न.

एसीवाला आता रोज धुऊनपुसून यायचा. फिल्टर बदलून झाले, यंत्रं तपासून झाली. फरक शून्य.

"आज कसा वास येतोय माझा?" तो दारातूनच विचारायचा.

"काहीच येत नाही."

"हे कौतुक समजू?"

"...समजा."

गुरुवारी मात्र तो छतातल्या एसीच्या झरोक्याखाली उभा राहिला तो हलेचना.

"मॅडम, सुतारकामाच्या गोंदाचा वास येतोय."

"मला तर नाही येत."

"तुम्हाला सवय झालीय. मलाही आला नसता, पण दहा वर्षं सेंटात बुडालेलं नाक तुमच्या धाकानं चार दिवसांत जागं झालंय!"

छताच्या पाइपामागोमाग दोघं शेजारच्या खोलीत पोचली. तिथे फायलींसाठी बनवलेली नवी कपाटं, तीन महिन्यांपूर्वीची. वर पाइपाच्या जोडाला बोटभर फट, आणि तिथून गोंदाचा सगळा वास सरळ लॅबमध्ये! काखेत कळसा नि गावाला वळसा! तिनं आनंदानं त्याचा हातच धरला... आणि सोडायला जरा उशीरच केला.

कपाटं बाहेर गेली, फट बुजली, दोन दिवस हवा खेळली. सोमवारी शिक्षिकेची पाच बीजं निघाली. तिसरा दिवस गेला, चौथा गेला... पाचव्या दिवशी दोन भ्रूण टुमटुमीत! ते शिक्षिकेच्या गर्भाशयात सोडले, आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. शिक्षिकेला दिवस गेले होते. मोठे डॉक्टर लॅबमध्ये येऊन टाळ्या वाजवून गेले.

पहिला फोन तिनं एसीवाल्याला केला. "उद्या माझी सुट्टी आहे. बागेच्या फाटकापाशी याल?"

दुसऱ्या दिवशी तो आला आणि बघतच राहिला. त्यानं आजवर फक्त डोळे पाहिले होते. मग त्याचं नाक हललं.

"मॅडम... तुम्ही सेंट लावलंय?"

"लॅबमध्ये लागल्यापासून, सहा वर्षांत पहिल्यांदा."

"कुणासाठी?"

"एका नाकासाठी. आवडतं मला ते. नाकवालाही आवडतो."

त्याचे कान लालबुंद झाले. "एवढ्या लांबून... नीट कळत नाही हो."

"मग टाका की पाऊल पुढे," ती म्हणाली. "आज कोण अडवतंय?"