जाहिरात चालू असताना

सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात एका मोबाइल दुकानात मी फोनची काच बदलायला गेले, तर काउंटरवर माझाच आवाज!

दुकानातला पोरगा माझं कालचं लाइव्ह बघत होता. रोज दुपारी मी घरी साड्यांवर खडे चिकटवते, चिकटवता चिकटवता अहिराणीत गप्पा मारते आणि धुळ्यापासून सुरतेपर्यंतची माणसं ते बघतात. त्यातल्या जाहिरातींवर आमचं घर चालतं. मला त्याचा अभिमान आहे... का नसावा?

"मस्त बोलस ही पोरगी," ओढणीत तोंड गुंडाळलेल्या मला तो म्हणाला. "आनि मना फोनमा एक बी जाहिरात येत नही. ब्लॉकर शे. तुम्हले बी टाकी देऊ?"

मी ओढणी सोडली. "मंग त्या पोरगीले काय भेटी? तुम्हना आंगठा?"

चेतन – नाव दुकानाच्या पाटीवरच होतं – कानापर्यंत लाल झाला. तरी पठ्ठ्या हटेना. "पन... नेमकं तुम्ही हसतस तवयच जाहिरात येस. आख्खं हसू चाली जास!"

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पण मान ताठच ठेवली मी. "मना कामले मान नही, ते मनं हसू बी नही."

दुसऱ्या दिवशी लाइव्हवर त्याची कमेंट आली, "ब्लॉकर काढी टाकं." मग कधी कव्हर, कधी चार्जर... मी उगाचच दुकानात जाऊ लागले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. मन तर केव्हाच देऊन बसले होते. एकच धास्ती होती – तो खोटं बोलत असला तर? माझं काम ज्याला फुकट हवं, त्याच्याशी मला जन्म काढायचा नव्हता.

जाहिरातीचं बटण माझ्या हातात असतं. ते दाबलं की सगळ्यांना जाहिरात दिसते, फक्त ब्लॉकरवाल्यांना मी दिसत राहते. एका दुपारी मी ते दाबलं आणि कॅमेऱ्यात बघून म्हटलं, "चेतन, तू माले आवडस."

धडाधड कमेंटी! "ओ हो!" "कोन रे हाऊ चेतन?" "हळद कवय?" सगळे चोर एका झटक्यात सापडले.

जाहिरात संपल्यावर चेतनने लिहिलं, "सगळा मनं नाव का लई राहिनात? मी ते साबननी जाहिरात देखी राहिंतू."

माझा ऊर अभिमानाने भरून आला. लाइव्ह तिथेच बंद केलं.

थोड्याच वेळात तो धापा टाकत दारात. "हर्षदा, आख्खी सुरतले माहीत पडी गयं, माले सोडीसन! काय बोलनी तू?"

"जाहिरात पुरी देखी?"

"पुरी! साबन बी लई उनू." आणि त्याने खरंच खिशातून साबण काढला.

मी खड्यांचा डबा बाजूला ठेवला, त्याच्यासमोर उभी राहिले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं... हसत हसत. या वेळी हसू त्याला आख्खं मिळालं.