मुरवणीचे बारा दिवस

चौगुले श्रवण केंद्राच्या मागच्या खोलीत एक पितळी ताट होतं आणि ताटातल्या मलमलीवर सात श्रवणिका निजल्या होत्या. चवळीच्या दाण्याएवढं एकेक यंत्र. कानात घातलं की बहिऱ्या माणसाला पान पडल्याचंही ऐकू यावं. भिंतीपलीकडे बेचाळीस माग चालत होते, आणि त्यांच्या खटाखटीनं ताटाची कड बारीक थरथरत होती. सन दोन हजार एकसष्टमध्येही इचलकरंजीनं आपला आवाज सोडला नव्हता.

श्रवणिका कारखान्यातून कोरी येते. तिला सगळंच ऐकू येतं, पण त्यातलं काय कानापर्यंत पोचवावं आणि काय गाळावं, हे तिला ठाऊक नसतं. म्हणून तिला बारा दिवस आवाजात मुरवतात. तेराव्या दिवशी तिच्या स्मृतीला कुलूप बसतं आणि ते पुन्हा उघडत नाही. कंपनीची पुस्तिका सांगायची, की मुरवण गिऱ्हाइकाच्या घरी करा. पण पद्मावती चौगुलेचा लोकांच्या घरांवर विश्वास नव्हता. कुणी श्रवणिका आमटीत पाडील, कुणाचा नातू नाकात घालील. त्यापेक्षा आपलं ताट बरं. चोपन्न वर्षांची ही बाई रोज सकाळी प्रत्येक श्रवणिका मऊ फडक्यानं पुसायची, जशी तान्ह्याची हनुवटी पुसावी. पुसता पुसता आईची ओवी म्हणायची. आई हातमागावर बसायची, ओवी तिनंच रचलेली. दुकान थाटून अकरा वर्षं झाली, पण ओवी छान म्हणता असं एकाही गिऱ्हाइकानं कधी म्हटलं नव्हतं. आपला आवाज बेताचाच असणार, हे पद्मावतीनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

गिऱ्हाईक मात्र सोन्यासारखं. श्रवणिका कानात घातली, की माणसं हात जोडून म्हणायची, गाव शांत झालं अक्का, डोकं हलकं झालं. पुढंही कधी कुणी तिच्याशी हुज्जत घातली नाही. ती जे सांगेल त्याला माणसं मान डोलवायची आणि हसून निघून जायची.

वर्षभरापूर्वी परभारी माल आला आणि या सुखाला तडा गेला. तीच कंपनी, तीच श्रवणिका, पण दुसऱ्या देशासाठी बनलेली. व्यापारी ती तिकडंच घाऊक उचलून, दुकानदाराला वगळून, परभारे इकडं आणत. किंमत पद्मावतीच्या दुकानातल्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी. हमी नाही, पावती नाही, पुस्तिका कुठल्या लिपीत आहे ते विकणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. आणि मुरवण परक्या मुलखातली. पद्मावतीनं दारावर पाटी लावली: ‘परभारी माल येथे दुरुस्त केला जाणार नाही.’ कंपनीचाही तोच नियम होता. तो मोडला तर विक्रीचा परवाना जायचा.

दस्तगीर मुजावर भिंतीपलीकडच्या मागांचा जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. एकसष्ट वर्षांचा. मागाला हात लावण्याआधी तो कान लावायचा. सूत घेऊन धोटा कसा धावतो, त्याला टोला देणारी काठी कशी बसते, कुठला पट्टा सैल पडलाय, हे त्याला चालता चालता कळायचं. पण दोन वर्षांत कान मंदावले. कारखान्याचे मालक शांतिनाथ मगदूम यांनी प्रत्येक मागाला दोष हुडकणारा संवेदक बसवायचं ठरवलं होतं. तरी चाळीस वर्षांची चाकरी बघून त्यांनी एक मुदत दिली. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी एका मागात मुद्दाम दोष करून ठेवायचा. दस्तगीरनं तो नुसत्या कानानं ओळखला तर काम त्याचं, नाहीतर संवेदकांचं.

शेजारधर्म म्हणून दस्तगीरनं श्रवणिका पद्मावतीकडूनच घेतली. ती घालून तो मागांत शिरला आणि जागीच थबकला. धोटे पळत होते, कापड पुढं सरकत होतं, पण आवाज काही नव्हता. आपले माग मुके झाले, असं त्याला वाटलं. तसाच तो दुकानात परत आला. पद्मावतीनं अर्धा तास त्याला समजावलं, की यंत्र नामी आहे, कानाला सवय व्हावी लागते, धीर धरा. त्यानं शांतपणे मान डोलवली आणि तो गेला. पटलं बिचाऱ्याला, असं म्हणून तिनं चहा मागवला.

पटलं वगैरे काही नव्हतं. आठ दिवसांनी त्याच्या लेकीनं, रिझवानानं, परभारी श्रवणिका आणली. ती घालून दस्तगीर मागांपुढं गेला आणि त्याचे डोळे भरून आले. बेचाळीस माग बेचाळीस गळ्यांनी बोलत होते. घरी मात्र दूध उतू गेलं तरी त्याला पत्ता लागेना, आणि पंखा चालू आहे की बंद हे बघायला मान वर करावी लागे. रिझवाना म्हणायची, अब्बांना आख्खा कारखाना ऐकू येतो, चुलीवरचं दूध तेवढं येत नाही.

परीक्षेला दोन दिवस उरले असताना त्या श्रवणिकेचा वीज भरायची टाचणी बसवायचा कोंदा तुटला. विकणाऱ्यानं खांदे उडवले. शनिवारी दुपारी दस्तगीर दुकानाच्या पायरीवर आला, पाटी वाचली, आणि पायरीवरच उभा राहिला. तळहातावर चवळीएवढं यंत्र.

पद्मावतीनं त्या तळहाताकडे बघितलं. राग तर होताच. पण ज्या माणसाला आपण अर्धा तास समजावलं त्याला हे दुसरं यंत्र का घ्यावं लागलं, हा प्रश्न रागाहून मोठा होता. तिनं त्याला आत बसवलं आणि पडद्यावर कंपनीच्या पुण्याच्या प्रयोगशाळेला हाक दिली. श्रवणिकेची मुरवण ज्यांनी शोधली त्या डॉक्टर इरावती सोहोनी समोर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे?

“माग. बेचाळीस.”

“बाराही दिवस चालू?”

“इचलकरंजी आहे ही, मॅडम.”

इरावतीबाई हसल्या. “मग तुमच्या श्रवणिकेनं माग गाळले, अक्का. गोंगाट कुठला आणि आवाज कुठला, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. बारा दिवस जे रोज, एकसारखं कानावर येतं तो तिच्या लेखी गोंगाट. जे बदलतं, येतं-जातं, ते ऐकण्याजोगं. रस्त्यानं शंभर माणसं बोलत जातात, ते शंभर आवाज राहतात. एकच एक राहिला, की तो गेला.”

“आणि ही परभारी?”

“तिच्यावरच्या खुणेवरून उत्तरेकडच्या एखाद्या मासेमारी बंदरात मुरलेली दिसते. वारा आणि लाटा तिनं गाळल्या. म्हणून पंखा नाही, दुधाची सळसळ नाही. पण माग तिनं जन्मात ऐकला नव्हता. तिच्या लेखी प्रत्येक माग म्हणजे नवी बातमी.”

अकरा वर्षं गाव शांत झालं म्हणून माणसं हात जोडत होती. ती शांती पद्मावतीच्या ताटात शिजली होती. एखाद्या सुताराला, गवयाला ती शांती चालली असेल. जॉबरची मात्र तिनं भाकरी काढून घेतली होती.

ती उठली. हातातलं फडकं तिनं दारावरच्या पाटीवर वाळत घातलं, पाटी झाकली गेली. पडद्यावर इरावतीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला आणि तो पुष्कळ वेळ पुसत राहिल्या.

नवा कोंदा डाग देऊन बसवायला पाऊण तास लागला. हात कामाला लागले तशी सवयीनं ओवी ओठांवर आली. शेवटी वीज चढली, हिरवा ठिपका लागला. दस्तगीरनं यंत्र कानात घातलं, आणि हत्यारांवरून ब्रश फिरवणाऱ्या पद्मावतीकडे तो टक लावून बघत राहिला. काही बोलणार होता, पण काम संपलं तशी ती ओवी मध्येच टाकून उठली आणि म्हणाली, जा आता, सोमवारी नाक कापू नका.

सोमवारी दस्तगीर हात पाठीमागं बांधून मागांच्या रांगांतून एकदा गेला, एकदा आला. सतराव्या मागापाशी थांबून म्हणाला, काठीचा पट्टा सैल सोडलाय. मगदूम हसले, तोच दोष होता. पण दस्तगीर चालतच राहिला. छत्तिसाव्या मागापाशी वाकून म्हणाला, ह्याचा धोटा उद्या दुपारपर्यंत अडकणार. तो दोष कुणी केला नव्हता, नमुन्याला बसवलेल्या संवेदकालाही तो दिसला नव्हता. मगदूमांनी संवेदकांची मागणी त्याच्यासमोरच रद्द केली.

अकराच्या सुमाराला तो पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आला. पेढा तिच्या हातावर ठेवत म्हणाला, “अक्का, परवा म्हनत हुतासा ते पुरं करा की. भाऊ कुठं ऱ्हातो म्हनून थांबलासा. दोन दिस जीव टांगून ऱ्हायलाय.”

पद्मावतीचा पेढा हातातच राहिला. “तुम्हाला ऐकू आलं?”

“आलं की. झ्याक म्हनता.”

“मग मागं अर्धा तास मी तुम्हाला समजावत होते ते?”

दस्तगीरनं मान खाजवली. “खरं सांगू? तुमचं ओठ तेवढं हलत हुतं. म्हटलं, अक्का कायतरी चांगलंच सांगत असतील. मान डोलवली.”

ती ताटाकडे बघू लागली. बारा दिवस रोज, एकसारखं, एकच एक. भिंतीपलीकडे माग, आणि भिंतीअलीकडे?

तेवढ्यात भूपाल अण्णा आत आले. नऊ वर्षांचं जुनं गिऱ्हाईक, श्रवणिका साफ करून घ्यायला आलेलं. पद्मावतीनं चेहरा गंभीर ठेवून, अगदी नेहमीच्या सुरात सांगितलं, की अण्णा, उद्या तुम्हाला गाढवावर बसवून पेठेतून मिरवायचं ठरलंय. अण्णांनी समाधानानं मान डोलवली आणि हात जोडले.

दस्तगीर हसता हसता बाकड्यावर आडवा झाला. पद्मावती हसली, मग तिनं डोळे पुसले, मग पुन्हा हसली. अकरा वर्षांचं सोन्यासारखं गिऱ्हाईक! आवाज बेताचा नव्हता तर. कुणाच्या कानापर्यंत तो पोचलाच नव्हता. अण्णांसारख्यांचं काय करायचं ते इरावतीबाईंना विचारायचं होतं. ताटातल्या सातजणी मात्र कालच आल्या होत्या, अजून कोऱ्याच होत्या. त्या उद्या ज्याच्या त्याच्या घरी मुरायला जाणार होत्या, आमटीत पडल्या तरी चालेल.

“म्हना की, अक्का,” दस्तगीर म्हणाला.

ती आधी ताटापाशी गेली आणि साती श्रवणिकांची कळ तिनं एकेक करून बंद केली. मग स्टूल ओढून दस्तगीरसमोर बसली आणि पहिल्यापासून म्हणाली:

धोटा येतो, धोटा जातो,
सूत मागं ठेवितो,
भाऊ माझा कुठं राहतो,
ये रे घरा.