आमचा हलकट चेअरमन

पहिल्याच भेटीत माझ्या बाबांनी त्याला हलकट म्हटलं आणि मी त्याचे आभार मानले. आमची गोष्ट अशी सुरू झाली. उगाच वारा, फुलं, उडणारी ओढणी असलं काही शोधू नका... म्हणजे ओढणी होती, पण ती रिक्षाच्या दांडीत अडकली होती.

विश्रांतवाडीत, आळंदी रोडला लागून, फिजिओथेरपीचं एक क्लिनिक आहे. बाबांना तिथे न्यायचं-आणायचं काम माझं. त्या संध्याकाळी बाबांना रिक्षात बसवून मी ओढणी सोडवत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, रिक्षा जरा पुढे घ्यायला सांगता का? माझी गाडी अडकलीये."

आवाज ओळखीचा वाटला. मी वळून बघेपर्यंत बाबा रिक्षातून अर्धे बाहेर आले होते. उजवा हात अजून मांडीवर निपचित, पण डावा थेट हवेत.

"ह... हलकट!"

समोर एक उंचापुरा मुलगा उभा होता. खांद्याला पट्टी, अंगाला बामचा वास. चिडला नाही, उलट ओशाळून हसला. "बरोबर आहे काका."

मिशी नव्हती, गॉगल नव्हता, सफारी सूट नव्हता. पण आवाज तोच!

"तुम्ही... चेअरमन?"

"शनिवारी आठ ते नऊ. बाकी वेळ साधा माणूस."

आता 'पछाड' बघत नसलेल्यांसाठी सांगते. ही टीव्हीवरची कुस्ती, दर शनिवारी थेट दाखवतात. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी घरोघरी लोक खुर्चीच्या टोकावर बसून बघतात. त्यातला सगळ्यात दुष्ट पैलवान म्हणजे चेअरमन. हाऊसिंग सोसायटीचा चेअरमन. शिट्टी वाजवत आखाड्यात येतो, प्रेक्षकांना "आवाज कमी!" म्हणून दटावतो आणि समोरच्याला आडवा पाडला की त्याच्या कपाळावर दंडाची पावती चिकटवतो. पुण्यात सोसायटीच्या चेअरमनवर खार खाऊन नसलेला माणूस शोधून दाखवा! त्याला मार बसायला लागला की आमच्या अख्ख्या इमारतीतून शिट्ट्या ऐकू येतात.

आणि माझे बाबा, सुखदेव ओव्हाळ, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर बोलत आलेला माणूस. जयंतीच्या सभेत माईक काढून घेतला तरी त्यांचं भाषण चालूच राहायचं. मग एका सकाळी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. हात हळूहळू हलायला लागला, पण शब्द काही येईना. घर इतकं शांत झालं की आई मुद्दाम भांडी आपटायची.

एका शनिवारी मी चॅनल बदलता बदलता 'पछाड'वर थांबले. चेअरमनने एकाला उताणा पाडून पावती फाडली, "पार्किंगमध्ये आडवं पडल्याबद्दल दंड!" आणि माझ्या शेजारून आवाज आला, "हलकट!" आई कुकर तसाच सोडून धावत आली. आम्ही दोघी रडलो, हसलो, पुन्हा रडलो. एवढ्या महिन्यांनंतरचा बाबांचा पहिला शब्द होता तो.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, "थँक्यू."

त्याने मागे वळून बघितलं. "मला म्हणताय?"

"तुम्हालाच." आणि रस्त्यावर उभ्या उभ्या मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"परवा एका आजींनी मला छत्रीने मारलं," तो म्हणाला. "पण आभार... पहिल्यांदाच मानले कोणी. तुम्ही रडू नका हं प्लीज, नाहीतर काका खाली उतरून धरतील मला."

"आणि ते ताई म्हणणं बंद करा," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

त्याचं नाव समाधान. ऐकून मला हसू आवरेना. नाव समाधान, आणि धंदा अख्ख्या महाराष्ट्राचं डोकं फिरवायचा! खांदा दुखावल्यामुळे तोही त्याच क्लिनिकात यायचा. बाबा आत व्यायाम करत असताना आम्ही समोरच्या रसवंतीत बसायचो. तो रसात बर्फ नको म्हणायचा, मी त्याच्याही वाटचा घ्यायचे.

"कुस्ती खोटी, मग हा खांदा खरा कसा दुखला?" मी विचारलं.

"निकाल ठरलेला असतो, पडणं खरंच असतं," तो म्हणाला. "आणि पडायचं असं, की पाडणारा मोठा दिसला पाहिजे. टाळ्या त्याला मिळतात."

"आणि तुला?"

"शिव्या. पण तिकीट माझ्यासाठी काढतात... मला मार खाताना बघायला." असं म्हणून त्याने माझ्या ओठावरची रसाची मिशी बोटाने दाखवली, हात न लावता. माझे कान गरम झाले. असा कसला हो हा दुष्ट माणूस?

आता माझं काम सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला. टीव्हीवर कोण काय बघतं याचे आकडे चाळून चॅनलवाल्यांना सल्ला देणं, हे माझं पोट भरायचं साधन. दर गुरुवारी रेटिंग येतं आणि त्याच्या आसपास माझा आठवडा फिरतो. एके दिवशी आमच्या शेफाली मॅडमनी 'पछाड'चा आलेख माझ्यापुढे ठेवला.

"एका मसाला कंपनीला चेअरमन हवाय जाहिरातीत. पण त्यांचं म्हणणं, शिव्या खाणारा माणूस आमच्या डब्यावर कसा छापायचा? त्याला चांगला करा म्हणतात. रेटिंग टिकेल का, ते बघ."

बघायचं काय होतं? चेअरमनची शिट्टी वाजली की रेघ चढायला लागायची आणि त्याला बदडायला लागले की पार वर. चांगल्या चेअरमनला कोण बघणार? मुळात तसा कोणी असतो यावर पुण्यात कोणाचा विश्वास बसेल?

त्याच संध्याकाळी समाधान रसवंतीत आला तो उड्या मारतच. "मैत्री, मला चांगला करणार आहेत!"

"एवढा आनंद?"

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "आई बघेल गं. अजून एकदाही बघितलं नाही तिने. शनिवारी आठला टीव्ही बंद करून बसते. पण आमच्या येरवड्याच्या गल्लीत घराला घर लागून, सगळ्या घरांतून शिव्या येतात... पोराला घातलेल्या शिव्या कोणत्या आईला ऐकवतील?"

मला लपवता येईना. आलेख माझ्याकडे आलाय आणि तो काय सांगतोय, ते मी सांगून टाकलं.

त्याने ग्लास बाजूला सारला. "आकडे तसं म्हणतात... की तुला तसं वाटतं? काकांसाठी?"

मलाच कळत नव्हतं. बाबांचे आता चार-पाच शब्द झाले होते, आणि सगळे त्याच्यावर ओरडूनच आले होते. तो चांगला झाला तर बाबा ओरडणार कोणावर?

"सगळ्यांच्या घरी उपयोगी पडतो मी," तो उठत म्हणाला. "फक्त माझ्याच घरी नाही." रस तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सरळ सांगितलं, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, काम दुसऱ्याला द्या. आमच्या ऑफिसातल्या चेतनने केलं, आणि त्याचंही उत्तर तेच निघालं. मग चॅनलवाल्यांनी समाधानवरच सोडलं. चांगला झालास तर मसाल्याचे पैसे, वाईट राहिलास तर रेटिंगचे. सोमवारपर्यंत काय ते कळव.

मी त्याला फोन केला नाही. मन वळवायचा मला काय अधिकार होता? पण एक राहून गेलं होतं. आभार मी त्याचे मानले होते, ज्या माऊलीने त्याच्यापायी शिव्या ऐकल्या तिचे नाही. शनिवारी संध्याकाळी माझ्या आईने सांज्याच्या पोळ्यांचा डबा दिला आणि मी बाबांना घेऊन, पत्ता विचारत विचारत, येरवड्याला त्याच्या घरी गेले.

दार त्याच्या आईने, शालूमावशींनी उघडलं. "समाधान नाही घरी. आज शनिवार ना..."

"तुम्हालाच भेटायला आलोय, मावशी."

बाबांनी डावा हात छातीशी नेऊन, जमेल तसा, जय भीम घातला. मी मावशींना सगळं सांगितलं. हलकटपासून. मावशी बाबांकडे टक लावून बघत होत्या.

"माझ्या पोरामुळे?" त्यांनी विचारलं. "बोलायला लागले?"

"हो मावशी. आम्ही जन्मभर विसरणार नाही."

आठ वाजले. शेजारच्या घरांतून शिट्टीचा आवाज आला. मावशींनी पदराला हात पुसले आणि स्वतः टीव्ही लावला. पडद्यावर सफारी सूटवाला चेअरमन समोरच्या पैलवानाच्या छातीवर पाय ठेवून म्हणत होता, "ही जागा माझी आहे!"

बाबा खुर्चीत पुढे सरकले. ओठ थरथरले.

"पा... पार्किंग काय तुझ्या... बापाचं आहे का?"

अख्खं वाक्य! आणि ते कुठे, तर ह्या घरात. समोर भिंतीवर समाधानच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. मी पटकन बाबांचा हात दाबला.

मावशींनी फोटोकडे बघितलं. मग बाबांकडे. "अहो, त्याच्या बापाकडे साधी सायकल होती हो!" आणि ज्या हसायला लागल्या, हसता हसता पदर भिजला तरी थांबेनात. चेअरमनने पंचांची कॉलर धरली तेव्हा तर उभ्याच राहिल्या, "हलकट मेल्या, सोड त्यांना!" शेजारच्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. बाबा डाव्या हाताने मांडीवर थाप मारत होते. त्या खोलीत बसून मी मनातल्या मनात किती जणांचे आभार मानले, मलाच माहीत.

मंगळवारी रसवंतीत तो माझ्या आधी येऊन बसला होता.

"आईने शिव्या दिल्या मला," तो म्हणाला. "पोटभर. मग जेवायला वाढलं आणि म्हणाली, तुझ्यामुळे एक माणूस बोलायला लागलाय, त्याचं मध्येच तोंड बंद करू नकोस."

"आणि मसाला?"

"नाही म्हणून सांगितलं. काल. मैत्री... तू मला एकदाही थांबवलं नाहीस. फक्त आभार मानलेस... माझ्या आईचे."

"मग?"

"मग काय... हॉलभर माणसांसमोर बोंब मारतो मी, आणि इथे घसा कोरडा पडलाय."

"रस घे," माझा ग्लास तोंडाला लावत मी म्हटलं.

"मैत्री—"

"ताई म्हण ना."

"नाही म्हणणार," तो म्हणाला, आणि या वेळी माझ्या ओठावरची रसाची मिशी खरंच बोटाने पुसली. "कधीच नाही."

पुढच्या रविवारी तो शालूमावशींना घेऊन आमच्याकडे आला. नवा शर्ट, भांग पाडलेला, आखाड्यात कोणाला न घाबरणारा माणूस बाबांसमोर घामाने निथळत होता.

"काका, मैत्रीला... म्हणजे आम्हाला दोघांना... तुमची परवानगी हवी होती."

बाबांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. ओठ हलले. "ह..."

समाधानने मान खाली घातली. "म्हणा काका. सवय आहे."

"ह... हो," बाबा म्हणाले.

आईने माझा हात घट्ट धरला. शालूमावशी डोळे पुसायला लागल्या. मी वाकून बाबांच्या पाया पडले, समाधानही पडला. बाबांनी डावा हात त्याच्या दुखऱ्या खांद्यावर ठेवला, त्याला जवळ ओढलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकदाही न अडखळता म्हणाले,

"हलकट!"