राजकन्येच्या हळदीचा व्हिडिओ

बसा. मोबाईल खिशात घाला. मी चौथीपर्यंत शिकलो, पण खोटं बोलायची सवय मला नाही. ही गोष्ट सुदामची. कंधारात माझ्या भिंतीला लागून त्याचं घर आहे.

सुदाम लग्नांचं शूटिंग करायचा. कापून जोडायला ते नांदेडला नेऊन द्यायचा. दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात त्याच्या बहिणीचं, राजकन्येचं लग्न निघालं. त्यानं फोर-के कॅमेरा आणला, तोंडावरचा तीळही स्पष्ट दिसेल असा. मला म्हणाला, "आबा, बहिणीचं काम परक्याला न्हाई देणार. घरच्या कंप्युटरवर मीच शिकून करतो."

त्यांची आई कावेरीबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हळदीला लेकीचं तोंड तिला धुक्यातल्यासारखं दिसलं. म्हातारी रडायला लागली. राजकन्या हसून म्हणाली, "रडू नको माय. डोळे करून घे, मग व्हिडिओत बघत बस."

जानेवारीत राजकन्या गेली. विष्णुपुरीजवळ मोटारसायकल घसरली.

म्हातारीनं तेरावं झाल्यावर डोळे करून घेतले. लेकीचं तोंड एकदा धड बघायचं, एवढ्यासाठी.

इकडे सुदामचं काम अडलेलं. कंप्युटर जुना. फोर-केच्या फाइली इतक्या जड, की चित्र दोन पावलं चालायचं आणि थांबायचं. मोबाईलवर बघून त्यानं प्रत्येक फाइलची हलकी, धूसर नक्कल बनवली. कापाकापी नकलेवर करायची आणि शेवटी मूळ फाइली जोडायच्या. इथवर ठीक होतं. पण डिस्क भरली. नकला आहेतच, असं समजून त्यानं मूळ फाइली उडवल्या. कॅमेऱ्यातलं कार्ड तर दुसऱ्या लग्नात वापरून झालं होतं.

काय रे सोमेश, मधेच काय?

"आबा, उडवलेल्या फाइली परत आणता येतात की."

"लई शहाणा हायस. नांदेडात दोन दुकानं फिरला तो. न्हाई आल्या."

नकलेत राजकन्येच्या तोंडाच्या जागी नुसता पिवळा डाग. आईला सांगायची त्याची छाती झाली नाही. ती रोज विचारायची, "झालं का रं?"

"उद्या, माय."

सत्तावीस फेब्रुवारी. गुरुवार. अवस. रात्रीचे पावणेदोन.

जे उरलं होतं, त्याचीच पक्की फाइल काढायला त्यानं लावली. पडद्यावर चित्राखाली टक्के चढू लागले.

तीस टक्के. डाग फिका झाला. त्याला वाटलं, आपलेच डोळे थकले.

पन्नास. कपाळ नाही. नाक नाही.

सत्तर. चौरंगावर साडी. साडीत कुणी नाही. बायकांचे हात हळद लावून राहिले होते... हवेला.

नव्व्याण्णव.

शेजारच्या खोलीत पैंजण वाजलं. एकदाच.

...

सुदाम उठला. दिवा लावला. म्हातारी खाटेवर ताठ बसलेली. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा.

"माय?"

...

"राजकन्या आल्ती," ती म्हणाली. "म्हणलं, तोंड दाखव. तिनं मागून डोळे झाकले. म्हणली, नको बघू माय. तोंड राहिलं न्हाई."

सुदामनं तेव्हा कबूल केलं. सगळं. म्हातारी अजून त्याच्याशी बोलत नाही.

सकाळी मी गेलो होतो. चष्मा या हातात घेऊन पाहिला. दोन्ही काचांवर हळदीची बोटं. ओली.

बाहेरून नव्हती.

आतून होती.