पेटीवरचं नाव

"इथे नॉमिन नावाचं कुणी राहत नाही," त्यानं दारातूनच सांगितलं. आणि नॉमिन तर मीच होते…

जूनची सकाळ. आयोवातल्या आमच्या कॉलेजच्या गावात कॉटनवुडच्या झाडांच्या कापसाळ म्हाताऱ्या तरंगत होत्या. एक त्याच्या भुवईवर अलगद येऊन बसलेली.

"गेल्या महिन्यापर्यंत राहत होती. याच खोलीत," मी म्हणाले. "माझं कामाच्या परवान्याचं कार्ड इथे यायचं होतं. पत्ता बदलायचा राहिला. आता फोनवर टपालाचा माग दिसतोय, परत गेलं!"

त्याचा चेहरा उतरला. मला घेऊन तो खाली टपालपेट्यांपाशी गेला. पेटीवर ज्याचं नाव, त्याचंच टपाल टपालवाली आत टाकते. माझ्या नावाची पट्टी त्यानं आल्या दिवशीच खरवडली होती.

"नखानं… अगदी स्वच्छ," तो पुटपुटला. "आईची शिकवण. नव्या घरात आधी साफसफाई."

"आईंना कळवा, मुलगा फारच आज्ञाधारक निघाला."

हसले खरी, पण मनात तारखा मोजत होते. एक जुलैला मिनीआपोलिसच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. कार्ड नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर… थेट मायदेशी मंगोलियाला, उलानबाटारचं विमान.

त्यानं नवी पट्टी लिहिली. क्वाबेना. त्याखाली, नॉमिन. मी तक्रार नोंदवली. याच पत्त्यावर कार्ड पुन्हा पाठवतो, असं उत्तर आलं.

मग रोज अकराला, टपालगाडीच्या वेळी, मी त्या इमारतीच्या पायरीवर. तो दोन कप चहा घेऊन येई. माझ्या कपात मी घरच्या सवयीनं चिमूटभर मीठ टाकी.

"चहात मीठ? तुमच्याकडे समुद्र फुकट वाटतात का?"

"आमच्याकडे समुद्रच नाही. म्हणून तर!"

"आमच्या घानात आहे. पण आम्ही त्याचा चहा करत नाही."

दुसऱ्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. पेटी उघडावी, ती रिकामी असावी… आणि रिकामी पेटी बघून जीव इतका हलका का व्हावा? वेडे, तुला कार्ड हवंय ना?

जुलैला सहा दिवस उरले, आणि त्या मंगळवारी तो पायरीवर आधीच उभा होता. हातात चहा नव्हता. पाकीट होतं.

"मंगळवारी जन्मलो म्हणून मी क्वाबेना," तो म्हणाला. "आज माझ्याच वारानं दगा दिला… गाडी लवकर आली. एकदा वाटलं, उद्यापर्यंत लपवावं."

"मग?"

"आईची शिकवण."

मी पाकीट फोडलं. माझा फोटो, माझं नाव. डोळे भरून आले — कशानं, ते विचारू नका.

तो पेटीकडे वळला. नख पट्टीच्या कडेला टेकलं… आणि तिथंच थांबलं.

"काढू?"

मी त्याचं बोट धरलं.

"राहू दे ना… नाव नसलं, तर मी आल्यावर मलाही परत पाठवतील."